डाव्या हाताची काठी

अमृतरावांचं काठ्यांशी जमत नव्हतं आणि त्यापायी घरात कुणाचंच अमृतरावांशी जमत नव्हतं.

काठ्या म्हणजे ड्रम वाजवायच्या काठ्या. लातूरच्या आडत बाजारात अख्खं आयुष्य घातलेला, सोयाबीनची मूठ नुसती चाळवून त्यातली ओल सांगणारा, आणि पोरीच्या लग्नात फार वाजवतात म्हणून बँडवाल्यांवर खेकसलेला हा माणूस उतारवयात ड्रम शिकायला निघाला, हे ऐकून बाजारातल्या लोकांनी आधी पोटभर हसून घेतलं आणि मग कारण विचारलं. अमृतरावांनी सांगितलं, पण अर्धंच. उन्हाळ्यात त्यांना लकव्याचा हलका झटका येऊन गेला होता. तोंड वाकडं झालं होतं ते सरळ झालं, पाय ओढत होता तो चालायला लागला, पण डावा हात काही ताळ्यावर येईना. सारखा थरथरायचा. त्यांची लेक अक्षरा नांदेडला दिलेली. तिनं त्यांना तिथल्या फिजिओथेरपीवाल्या बाईंकडं नेलं. बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. तो अमृतरावांनी दोन दिवसांत खिडकीतून बाहेर भिरकावला. मग बाई म्हणाल्या, आजोबा, दोन काठ्या घ्या आणि तालात वाजवत बसा, तालाला लागला की हात ऐकायला लागतो. हे झालं अर्धं कारण.

उरलेलं अर्धं त्यांच्या गळ्यात होतं, चांदीच्या करंड्यात. अमृतराव लिंगायत. रोज सकाळी अंघोळ झाली की करंड्यातून इष्टलिंग काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, हात छातीसमोर धरायचा, उजव्या हातानं पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि हातावरच्या त्या लिंगाकडं डोळे भरून बघत बसायचं. तोंडात घास घालायचा तो त्यानंतरच. ज्याचं लिंग त्यानंच पूजायचं, तिथं बायको कामाला येत नाही की लेक. आणि लिंग हातातून खाली पडलं तर? जुन्या काळी त्यापायी माणसं जीव देत, असं त्यांच्या आईनं त्यांना लहानपणी सांगून ठेवलं होतं. आता तसं कुणी करत नाही, स्वामींकडं जाऊन पुन्हा लिंग धारण करता येतं, हे अमृतरावांनाही कळत होतं. पण आईनं सांगितलेली गोष्ट हाडात बसते, ती कळण्यानं निघत नाही.

दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच सकाळी त्यांनी करंडा उघडला, डावा हात पुढं केला, त्याची थरथर बघितली आणि करंडा परत बंद केला. तेव्हापासून ते देवघराचं दार ओढून घेत आणि आत नुसते बसून राहत. पूजेला लागतो तेवढा वेळ गेला की कपाळाला भस्म ओढून बाहेर येत आणि बायको, शिवकांताबाई, पुढं ठेवतील ते खात. घास चोरीचा लागे. खाताना मान वर होत नसे. बायकोला हे सांगावं असं रोज मनात येई आणि रोज त्यांची जीभ अडे. आडतीत एवढ्या मोठ्या आवाजात बोलणारा माणूस, पण माझा हात आता देवाच्या कामाचा राहिला नाही, एवढं वाक्य त्यांच्यानं उच्चारवत नव्हतं.

तर असा सगळा डाव त्या दोन काठ्यांवर लागला होता.

करायचंच तर रीतसर करायचं, म्हणून अक्षराला घेऊन ते नांदेडच्याच वजिराबादेतल्या एका वाद्यांच्या दुकानात गेले. दुकानदारानं काचेवर काठ्या मांडल्या. बारीक, मध्यम, जाड. कुणाचं टोक लाकडी, कुणाचं नायलॉनचं. शिकणारं कोण आहे, वय काय, हात केवढा, असं तो विचारायला लागला. अमृतरावांना हे असले प्रश्न आवडत नसत. माल दाखव, गिऱ्हाइकाचं वय काय करायचंय? त्यांनी एकेक काठी उजव्या हातात तोलली. बारीक काठ्या उचलल्यावर त्यांना वाटलं की हातात काही आलंच नाही. हलका माल तो हलकाच, असं म्हणून त्यांनी त्या बाजूला सारल्या आणि सगळ्यांत जाड, सगळ्यांत वजनदार जोडी धरली. दुकानदार म्हणाला, काका, ह्या मिरवणुकीत मोठा ढोल बडवणाऱ्यांच्या, नवशिक्याच्या कामाच्या नाहीत. इथंच तो चुकला. कारण अमृतराव स्वतः जन्मभर दुकानदारी केलेले. चांगला माल मागं ठेवून ओळखीच्याला द्यायचा आणि नवख्याला म्हणायचं हे तुमच्या कामाचं नाही, ही विद्या त्यांनी स्वतः कितीदा वापरलेली. दुकानदार नको म्हणतो म्हणजे मालात दम आहे, हे त्यांनी ताडलं आणि तीच जोडी उचलली. अक्षरा काही बोलायला गेली, तर त्यांनी तिच्यावर डोळे वटारले. बाजारातली हुशारी माणसाला बाजाराबाहेर कशी बुडवते ते बघायचं असेल तर अमृतरावांना बघावं.

लातुरात शिकवायला धम्मानंद होता. पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत त्याचा क्लास. लग्नसराईत ऑर्केस्ट्रात वाजवायचा, एरवी कॉलेजची पोरं शिकवायचा. त्याचं अर्धं लक्ष फोनकडं असे आणि त्याला धीर म्हणून नव्हता. अमृतराव जिना चढून वर आले, दारातून लिंगायतांच्या रीतीनं ‘शरणार्थी’ म्हणाले, त्यानं ‘जय भीम, अप्पा’ म्हणून खुर्ची दिली, इथपर्यंत सगळं ठीक झालं. मग त्यानं ड्रमला हात लावू न देता पुढ्यात एक रबरी गोल चकती ठेवली आणि यावरच महिना दोन महिने बडवायचं असं सांगितलं. अमृतरावांचा पहिला राग इथं. आणि दुसरा लगेच, कारण उजवी काठी पडली चकतीवर आणि डावी उडाली ती थेट एका पोराच्या पाठीत.

पोरगं हसलं. धम्मानंद हसला नाही, पण त्यानं काठी उचलून वजन बघितलं आणि ही लोढणी कुणी दिली म्हणून विचारलं. अमृतरावांनी दुकानदाराचा उद्धार केला. त्या गरिबानं नको नको म्हटलं होतं, हे सांगायचं काही कारण नव्हतं.

धम्मानंदनं स्वतःची मध्यम जाडीची जोडी दिली. सगळ्यांना हीच चालते म्हणाला. अमृतरावांना ती चालेना. उजव्या हातात शहाण्यासारखी राहायची आणि डाव्यातून घसरायची. घरी येऊन त्यांनी काठीला सायकलच्या मुठीचं रबर चढवलं, मग ते काढून सुताची चिंधी गुंडाळली, मग हाताला भस्म चोळून बघितलं. भस्मानं घसरली ती आणखीच. जेवणाचा पाट पुढ्यात घेऊन ते सकाळ-संध्याकाळ बडवत बसत, आणि चौथ्या पाचव्या ठोक्याला डावी काठी फरशीवर खणकन पडे. ती पडल्याचा आवाज झाला की काठीच्या जागी काय पडलं असतं, ते डोळ्यांसमोर यायचं. मग ते ओरडायचे. पाटावर, पंख्याच्या वाऱ्यावर, नांदेडच्या बाईंवर, दारात आलेल्या भाजीवालीवर. शिवकांताबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, नाचता येईना अंगण वाकडं. त्यावर ते त्यांच्यावर ओरडायचे.

मुरुडहून एक जुने शेतकरी तब्येत विचारायला आले, त्यांनी पाट बघितला, काठ्या बघितल्या आणि आता वाजवायचा धंदा धरला काय शेट, असं थट्टेनं विचारलं. अमृतरावांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. नंतर त्याचीही त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटली की हात जास्त थरथरतो हे नवीनच दुखणं त्यांच्या ध्यानात आलं.

क्लासात रोज एकच भांडण. धम्मानंद म्हणायचा, हात पालथा करा. दोन्ही तळवे खाली, जमिनीकडं. काठी वरून धरा. अमृतरावांचा उजवा हात पालथा व्हायचा. डावा व्हायचा, पण दोन ठोके झाले की आपोआप वळून उताणा व्हायचा, तळवा आभाळाकडं, आणि काठी बिचारी त्याच्यावर आडवी पडून राहायची. धम्मानंद तो हात धरून परत पालथा करायचा. तो परत वळायचा. एका दुपारी धम्मानंद वैतागला. फोन बाजूला ठेवला आणि म्हणाला, “अप्पा, तुमी काठी धरायलावच न्हाई. काठीला आसन द्यायलाव.”

त्याला काय बोलून गेलो ते कळलंही नसेल. अमृतरावांना मात्र कुणी तरी कानाखाली दिल्यासारखं झालं. ते उठून जिन्यापर्यंत गेले, परत आले, खुर्चीवर बसले. खाली गिरणी घरघरत होती. पोरं गेलेली होती. आणि जे वाक्य बायकोपाशी निघालं नाही, ते या जेमतेम ओळखीच्या माणसापाशी निघालं.

“हा हात लिंगाचा हाय बाबा,” ते म्हणाले. “जलमभर यानं मी धान्याचा नमुनासुदिक उचलला न्हाई. हा पालथा केला की मला वाटतंय, हातावरचं खाली पडलं. तू पालथा कर म्हनतूस तवा तवा मला तेच दिसतंय.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. करंडा उघडत नाही ते, दार ओढून बसतो ते, खोटं भस्म लावून जेवतो ते. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला, जणू धम्मानंदनंच त्यांचा हात बिघडवला होता. धम्मानंदनं ऐकून घेतलं. धीर द्यायला तो गेला नाही, ते त्याला येतही नसावं. थोडा वेळ त्यानं आपल्याच डाव्या हाताकडं बघितलं, तो उताणा केला, अंगठ्याच्या बेचक्यात काठी बसवली, खालून दोन बोटांचा टेकू दिला आणि मनगट फिरवून चकतीवर मारून बघितलं. टक. पुन्हा टक. मग म्हणाला की, बँडमधली जुनी माणसं गळ्यात ड्रम तिरका अडकवायची, तेव्हा डावा हात असाच उताणा धरायची. त्याच्या वडलांनीही असंच वाजवलं. आता पोरांना कुणी शिकवत नाही म्हणून तोही विसरला होता. पण अशा धरण्याला काठी हलकी पाहिजे. बारक्या पोरांना देतात तसली. जड काठी या बेचक्यात ठरत नाही, ती स्वतःच्या वजनानं गळते.

म्हणजे नांदेडच्या दुकानदारानं पहिल्यांदा पुढं केलेली, अमृतरावांनी हलका माल म्हणून सारलेली, तीच.

कुणाही शहाण्या माणसानं दुसऱ्या दिवशी जाऊन ती आणली असती. अमृतरावांनी तसं केलं नाही. सुंभ जळतो, पीळ कुठं जळतो? ज्या दुकानदाराचा माल आपण लाथाडला त्याच्या पायरीवर परत जायचं, आणि तेही पोरांच्या काठ्या मागायला, हे त्यांच्या आडत्या जिवाला पटेना. ते आणखी काही दिवस मध्यम काठीशी झटत राहिले, उताणी धरून पाडत राहिले. त्यात श्रावण लागला. सोमवारी शेजारपाजारच्या घरांतून घंटा ऐकू यायच्या, शिवकांताबाई आपली पूजा आटपून बेलाची पानं त्यांच्या वाट्याची वेगळी ठेवायच्या, आणि अमृतराव त्या पानांपुढं दार ओढून बसायचे. दुसऱ्या सोमवारी ते देवघरातून उठले ते तडक एसटी स्टँडवर गेले.

दुकानदारानं त्यांना ओळखलं नाही. एवढे दिवस ज्याला तोंड दाखवायचं भ्याव बाळगलं, त्याच्या लक्षातही नव्हतं. याचाही अमृतरावांना राग आला. त्यांनी हलक्या काठ्या मागितल्या. “नातवाला का?” त्यानं विचारलं. “मला,” अमृतराव म्हणाले, आणि असे म्हणाले की त्यानं लगेच काठ्या काढून काचेवर मांडल्या.

पण या वेळी त्यांनी काठ्या बघितल्या त्या नीट बघितल्या. धम्मानंदनं सांगितलं होतं तसं एकेक काठी काचेवर लोटली. पहिली लंगडत गेली, म्हणजे वाकडी. ती परत दिली. दोन सरळ निघाल्या तर त्यांचे आवाज जुळेनात, काचेवर टोक टेकवल्यावर एक भरीव बोलायची आणि एक पोकळ. तीही जोडी परत दिली. दुकानदार कंटाळला. अमृतराव कंटाळले नाहीत; माल निवडायला बसल्यावर कंटाळणारा आडत्या अजून जन्मायचा आहे. शेवटी एक जोडी सरळ लोळली, एका आवाजात बोलली. त्यातली एक त्यांनी डाव्या तळहातावर आडवी ठेवली. हात थरथरत होता. काठीही थरथरली, पण जागेवर राहिली. तोलून बघायचा मोह झाला तो त्यांनी आवरला.

म्हणून काही दुसऱ्या दिवसापासून चमत्कार झाला नाही. हलकी काठीही पडायची, फक्त कमी पडायची. उताण्या हाताला मनगट फिरवायची सवय नव्हती, ते दुखायला लागलं. धम्मानंद उजव्या-डाव्याचा नुसता साधा ताल धरायला लावायचा आणि जरा घाई झाली की फोनमधून डोकं वर न काढता ‘हळू’ म्हणायचा. अमृतराव शिव्या घालत वाजवायचे. पण एका दुपारी त्यांच्या लक्षात आलं की बऱ्याच वेळात आपण काठीकडं बघितलेलं नाही. हात थरथरत होताच. तरी ठोका पडायचा तिथंच पडत होता.

“ही थरथर कदी जाईल?” त्यांनी विचारलं.

“ते मला मालूम न्हाई अप्पा. मी डॉक्टर न्हाई.” धम्मानंद म्हणाला. “जाईल का न्हाई तेबी मालूम न्हाई. पर ठोका तर तुमी थरथरत थरथरतच मारायलाव की.”

अमृतराव चिडले. इतके दिवस जिना चढलो, लोकांत हसं करून घेतलं, पोरांच्या काठ्या आणल्या, ते काय असलं उत्तर ऐकायला? तो राग घेऊनच ते घरी आले. रात्र तशीच गेली. सकाळी अंघोळ करून देवघरात गेले, दार ओढलं, पाटावर बसले आणि त्याच रागात करंडा उघडला.

लिंग तळहातावर घेतलं. हात लटलटायला लागला. त्यांनी मूठ वळली नाही, दुसऱ्या हाताचा टेकूही दिला नाही. उजव्या हातानं पाणी घातलं, त्यातलं निम्मं मनगटावरून धोतरावर सांडलं. भस्म लावताना बोट घसरलं. बेलाचं पान वाहिलं, ते गळून मांडीवर पडलं. उचलून परत वाहिलं, परत पडलं. अमृतरावांच्या तोंडातून देवासमोर येऊ नये तो शब्द आला. पण लिंग हातावर होतं. हलत होतं आणि होतं. ते बघत बसले. बघता बघता त्यांना हुंदका फुटला, आणि तो आवरायचा कसा हे त्यांना येत नव्हतं, कारण आयुष्यात कधी सवयच केली नव्हती. लिंग करंड्यात परत गेलं, करंडा मिटला, तेव्हा कुठं त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

बाहेर आले तेव्हा शिवकांताबाईंनी ताट वाढायला घेतलं होतं. मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता.

“पूजा झाली,” अमृतराव म्हणाले.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. मग वाढता वाढता, “लई दिसांनी.”

 बायकोला पहिल्यापासून सगळं माहीत होतं, हे अमृतरावांना कळायला क्षणभर वेळ लागला, आणि कळल्यावर ते भडकले. एवढे दिवस ते चोरासारखे जेवले, खोटं भस्म लावून तिच्यासमोर बसले, आणि ती सगळं बघत वाढत होती.

“तुला मालूम होतं तर बोललीस कामून न्हाई?”

“इतकी वर्सं तुमी पूजा करून भायेर आलेलं बघितलं. न केलेलं तोंड मला वळखू येत न्हाई व्हय?” शिवकांताबाईंनी ताट खाली ठेवलं. “बोलले असते, तर दुसऱ्या दिशी मला दाखवायला म्हनून जिद्दीनं लिंग काढलं असतंव तुमी. आन् पाडलं असतंव.”

  तसंच झालं असतं, हे अमृतरावांना पटलं. जड काठी त्यांनी अशीच उचलली होती, आणि लिंगही असंच उचललं असतं, नको म्हणणाऱ्याच्या नाकावर टिच्चून. ते ओलं धोतर सावरत पाटावर बसले. अजून राग होता, पण तो नेमका कुणावर काढायचा ते त्यांना ठरवता येईना.

म्हणून मग त्यांनी पहिला घास घेतला, मान वर करून खाल्ला, आणि सुशीला संपल्यावर आणखी मागितला.